प्लास्टर निघालं, एक्स-रे चांगला आला, मग पाऊल अजून का ऐकत नाही?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "प्लास्टरमध्ये होते तेव्हाच बरी होते." फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. प्लास्टर कापायच्या दिवशी पेढे वाटायच्या तयारीने आलेली माणसं आठवड्याभराने तोंड पाडून माझ्याकडे येतात आणि हेच म्हणतात.

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही ४६ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका, वजन ६४ किलो. ओल्या पायरीवर उजवं पाऊल आत मुरगळलं आणि करंगळीमागचं लांब हाड, म्हणजे पाचवं मेटाटार्सल, बुडाशी मोडलं. ऑपरेशन नाही, सहा आठवडे प्लास्टर. ते निघून आज नऊ दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे चांगला आहे, आता चाला." पण संध्याकाळी पाऊल पावासारखं फुगतं, खाली सोडलं की जांभळं पडतं. सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, चपलेत पाय जात नाही, चालताना लंगडायला होतं. सासूबाई म्हणतात गरम तेलाने जोरात रगडून घे. तुमची शंका अशी की हाड नीट जुळलंच नाही की काय. शिवाय शाळेत कधी जाऊ, स्कूटी कधी चालवू आणि पाच आठवड्यांनी भाचीचं लग्न आहे त्याचं काय, हेही विचारलंय.

तुम्ही "हाड जुळलं का" असं विचारताय, पण तुम्ही जे जे दुखणं लिहिलंय त्यातलं बहुतेक हाडाचं नाहीच. एका पावलात २६ हाडं असतात. तुमचं मोडलं एक, पण सहा आठवडे कोंडली गेली सगळी. हाड जुळावं म्हणून आपण घोटा बांधला, पोटरी बांधली, तळव्याचे बारीक स्नायूही बांधले. हाडाने त्या वेळात आपलं काम केलं. बाकीच्यांना काम नव्हतं, म्हणून ते आखडले आणि बारीक झाले. दोन्ही पोटऱ्यांना गुडघ्याखाली चार बोटांवर शिवणाची टेप लावून बघा, उजवी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने कमी भरेल. घाबरू नका, भरून येते. पण ती भरून येईपर्यंत पाऊल तुमचं ऐकणार नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगते, कारण इथे एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी फ्रॅक्चर म्हणजे नेमकं कुठे, हे फार महत्त्वाचं. अगदी टोकाचा तुकडा ओढला जाऊन सुटला असेल, तर ते हाड तसं गुणी. तिथे पोटरीच्या बाहेरच्या बाजूने येणाऱ्या स्नायूची दोरी आणि तळव्याच्या जाड पडद्याचा एक पट्टा धरलेला असतो. पाऊल आत मुरगळलं की ती ओढ टोकाचा तुकडा सोडवते. हे बहुधा सहा-आठ आठवड्यांत चालण्याजोगं होतं. पण मोड टोकापासून थोडी पुढे, चौथ्या-पाचव्या मेटाटार्सलच्या सांध्याजवळ असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो, हाड रेंगाळतं, कधी जुळतच नाही आणि स्क्रू घालावा लागतो. त्या फ्रॅक्चरला जोन्सचं नाव आहे. लिव्हरपूलचे सर्जन रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ साली त्यावर लिहिलं, आणि पहिला रुग्ण ते स्वतःच होते. नाचताना पाऊल मोडलं होतं! तेव्हा डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा: "माझी मोड टोकाची की जोन्सची?" पुढचं सगळं मी टोकाची धरून लिहितेय. जोन्सची निघाली तर पावलावर किती भार टाकायचा ते त्यांच्याच तोंडून घ्या, माझ्या नाही.

तसंच मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्री असेल, हाडं ठिसूळ असतील, तर सगळंच सावकाश. मिश्रीचं मुद्दाम लिहिते, कारण "तंबाखू खाता का" विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतच असतात. निकोटीन तेच, हाडाला त्रासही तोच.

टोकाच्या मोडीबद्दल आणखी एक. एक्स-रेवर ती रेघ कधीकधी कित्येक महिने दिसत राहते. नातेवाइकांपैकी कुणी फोटो उजेडाकडे धरून "अजून फट दिसतेय की" म्हणालं तर झोप उडवून घेऊ नका. त्यापेक्षा बोट लावून बघा. करंगळीच्या बाजूने, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध एक उंचवटा लागतो. तिथे एका बोटाने दाबा. सहा आठवड्यांपूर्वी जीव गेला असता, आज थोडं दुखतंय आणि आठवड्यागणिक कमी होतंय, तर हाड वाटेवर आहे. याउलट, टाच, तळवा, घोट्याचा पुढचा भाग असं सगळीकडे पसरलेलं, उठल्यावर जास्त आणि दहा पावलांनी सैलावणारं दुखणं हे आखडल्याचं. तुमचं वर्णन तंतोतंत दुसऱ्या प्रकारचं आहे. सहा आठवडे टाचेवर भार नव्हता, तळव्याचा पडदा आखडला, पोटरीही आखडली, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल टाचेत खुपतं.

तेव्हा मुख्य प्रश्न उरतो तो भाराचा: किती चालायचं. "आता चाला" म्हणजे शंभर पावलं की बाजारापर्यंत, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. बाहेर रांग असते, त्यांनाही दोष देत नाही. पण लोक इथे दोन टोकांना जातात. काही जण भीतीने पाऊल टेकवतच नाहीत आणि महिनाभर वॉकर सोडत नाहीत. काही जण पहिल्याच दिवशी मंडईत जातात.

मी हा धडा एका रिक्षावाल्या काकांकडून शिकले. तेव्हा मला काम सुरू करून तिसरं-चौथं वर्ष असेल, अंगात जोर होता. काकांचं पाऊल मोडलेलं, घरात कमावणारे तेच एकटे, त्यांनाही घाई आणि मलाही. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं जास्त, हा माझा हिशेब. व्यायाम करताना दुखायचं नाही म्हणून मी वाढवत गेले. दहाव्या दिवशी ते आले तेव्हा घोट्याची हाडं सुजेत बुडाली होती, बोट दाबलं तर खळगा पडत होता. "रात्री ठणका असतो हो, पण तुम्ही विचारलं नाही," म्हणाले. खरंच विचारलं नव्हतं मी. त्यांचे दहा-बारा दिवस माझ्यामुळे वाया गेले. तेव्हापासून मी रुग्णाला "आत्ता दुखतंय का" यापेक्षा "आज सकाळी कसं होतं" हे आधी विचारते.

नियम असा. दुखणं शून्य ते दहात मोजा. चालताना किंवा व्यायामात तीनपर्यंत गेलं तर चालेल. संध्याकाळी थोडी सूज आली तरी चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल कालच्या सकाळइतकंच असलं पाहिजे. तसं असेल तर कालचा भार पचला, आज थोडा वाढवा. सकाळी सूज उरलीय, दुखणं एक-दोन आकड्यांनी जास्त आहे, तर काल जास्त झालं. मग आज निम्म्यावर या. पूर्ण झोपून राहू नका, निम्म्यावर या. शाळेची जुनी वही घ्या आणि रोज तीन आकडे लिहा: सकाळचं दुखणं, किती मिनिटं उभ्या होत्या, रात्रीची सूज. सूज मोजायला शिवणाची टेप पावलाच्या मधोमध एकाच जागी गुंडाळा. आठ-दहा दिवसांनी त्या वहीतून तुम्हालाच दिसेल की उभं राहण्याचा त्रास चालण्याहून जास्त होतो. उभं राहताना पोटरी काम करत नाही, आणि पायातलं रक्त वर ढकलणारा पंप म्हणजे पोटरीच.

पाऊल खाली सोडल्यावर जांभळं पडतं तेही यामुळेच. बारीक झालेली पोटरी नीट पंप करत नाही, रक्त खाली साचतं. पाय उंच केला की पाच-दहा मिनिटांत रंग परत येतो का बघा. येत असेल तर काळजी नाही, हे काही महिने चालतं. संध्याकाळची सूज तर तीन महिने, कधी सहा महिनेही रेंगाळते, आणि ती आहे म्हणून हाड बिघडलं असं होत नाही.

पण पाय उंच करणं म्हणजे काय? माझ्याकडची दहातली नऊ माणसं खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवतात आणि म्हणतात, ठेवते हो उंच. स्टुलावरचा पाय छातीपेक्षा खालीच असतो. आडवं पडायचं, पोटरीखाली दोन-तीन उशा किंवा गुंडाळलेली गादी घ्यायची, पाऊल छातीच्या वर. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पडल्या पडल्या पाऊल वर-खाली वीस वेळा हलवा, म्हणजे पंपही चालेल. दिवसा क्रेप बँडेज बांधायचं तर बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याच्या वर न्या, खाली जरा घट्ट, वर सैल. उलटं बांधलं तर बोटं फुगतात. रात्री काढून टाका.

आता तेल. सासूबाईंचा निम्मा सल्ला बरोबर आहे, हे त्यांना जरूर सांगा! प्लास्टरखालची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटते, तिला तेल हवंच. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवा, मऊ फडक्याने टिपा, खोबरेल लावा. आठवड्याभरात खवले आपोआप जातात. वजरीने घासून काढू नका, खालची कातडी नाजूक असते. तेल लावताना हात बोटांकडून गुडघ्याकडे न्यायचा, हलक्या दाबाने. मोडीच्या जागेवर रगडणं, पाऊल धरून पिळणं, "सांधा मोकळा करतो" म्हणून कुणाकडून कडाकड मोडून घेणं, हे नको. पोटरी दुखत असेल, गरम लागत असेल, तर मालिश मुळीच नको, त्याचं कारण पुढे येतंच. आणि गरम शेक? सुजलेल्या पावलाला संध्याकाळी गरम पाणी दिलं की ते आणखी फुगतं. सकाळी आखडलेलं असताना कोमट पाणी, संध्याकाळी सुजलेलं असताना फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, इतकं पुरे. मधुमेह असेल आणि तळव्याला कमी कळत असेल तर पाणी आधी हाताने किंवा घरच्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. कढत पाण्याने भाजलेली पावलं मी पाहिली आहेत, आणि ती फ्रॅक्चरपेक्षा जास्त दिवस घेतात.

व्यायामाचं म्हणाल तर तुमच्यासाठी सगळ्यात सोपा: खुर्चीत बसा, पाय अधांतरी ठेवा आणि अंगठ्याच्या टोकाने हवेत मुळाक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत. गुडघा हलवायचा नाही, फक्त घोटा. "ळ" ला घोटा दोन्हीकडे वळतो, म्हणून "ळ" मी जास्त काढायला लावते. दिवसातून तीन वेळा. दुसरा: पाय लांब करून बसा, ओढणी चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा, पोटरीत ताण जाणवला की तीस सेकंद थांबा, असं चार वेळा. अंथरुणातून उतरण्याआधी हा केलात तर टाचेचं पहिलं पाऊल निम्म्याने सोपं जाईल. तिसरा: जमिनीवर नॅपकिन पसरा आणि बोटांनी चुरगाळत जवळ ओढा. पहिल्या दिवशी बोटं हलणारच नाहीत, हसू येईल. पाच-सहा दिवसांत जमतं.

एक मात्र सांभाळा. मोबाइलवर दिसणाऱ्या व्यायामांत पावलाला रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचा एक असतो. व्यायाम चांगला आहे, पण ज्या स्नायूच्या ओढीने तुमचा तुकडा सुटला त्यालाच तो ताणतो. उंचवट्यावरचं दुखणं जाईपर्यंत पट्ट्याशिवाय नुसतं हलवा.

घरात पायाने चालवायचं जुनं शिवणयंत्र असेल तर सोन्याहून पिवळं. आमच्याकडे एक शिंपीकाम करणारी बाई आली होती, तिचं दुकान बंद पडलेलं, व्यायामाला वेळ नाही म्हणायची. मी तिला यंत्राचा पट्टा काढून नुसतं पायडल हलवायला सांगितलं. बसल्या जागी, अंगाचा भार नाही, घोटा वर-खाली, दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं दुपारी. तिसऱ्या आठवड्यात तिने पट्टा परत चढवला आणि ब्लाउज शिवायला घेतले. माझ्या क्लिनिकमधल्या कुठल्याही यंत्राने तिला इतकं मनापासून काम करायला लावलं नसतं.

भाराची भीती जायला वजनकाटा वापरा. काटा उजव्या पावलाखाली, डाव्याखाली तेवढ्याच उंचीचा पाट किंवा पुस्तकं, समोर ओटा धरायला. हळूहळू उजवीकडे झुका. काटा १६ वर आला म्हणजे तुमचा चतुर्थांश भार, ३२ म्हणजे निम्मा. तिथे दहा सेकंद थांबून बघा काय वाटतं. बहुतेकांना आश्चर्य वाटतं की ३२ वरही काही होत नाही, आणि मग पाऊल आपोआप टेकायला लागतं. निम्मा भार शांतपणे पेलला की ओटा धरून दोन्ही टाचा उचलायच्या, दहा वेळा, तीन फेऱ्या. पुढे उजवीकडे जास्त भार देत देत, शेवटी एकट्या उजव्या पायावर. दूध तापेपर्यंत ओटा धरून एका पायावर उभं राहण्याची सवय लावा, नंतर धरलेला हात सोडा. पडण्याआधी घोटा आपोआप सावरतो, ती जाणीव प्लास्टरमध्ये झोपी जाते. ती जागी केली नाही तर पुन्हा मुरगळतो, आणि हे मी फार वेळा पाहिलंय.

आता लंगडणं. याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण मला सगळ्यात जास्त चिंता त्याची असते. माणूस दुखतं म्हणून पाऊल बाहेर फिरवून टाकतो, चवड्यावरून पुढे जायचं टाळतो. हाड जुळतं, दुखणं जातं, चाल तशीच राहते. मग चार महिन्यांनी डावा गुडघा किंवा कंबर घेऊन परत येतो. मी क्लिनिकमध्ये रुग्णाला फरशीवरून चालायला लावते आणि डोळे मिटून ऐकते. टप्‌-टप्‌ असा सारखा ठेका आला पाहिजे. टप्प्‌…ट, टप्प्‌…ट आला की डाव्या पायावर जास्त वेळ जातोय. तुम्हीही घरी ऐका. ठेका बिघडत असेल तर काठी घ्या, आणि काठी डाव्या हातात. दुखऱ्या बाजूच्या हातात काठी घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. पावलं लहान टाका पण दोन्ही सारखी. टाच, मग चवडा, मग अंगठा. लंगडत हजार पावलं चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ दोनशे चाला. जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा आणि काठी. एक हात कठड्याला हवाच.

घरात अनवाणी फिरू नका. आपल्याकडे घरात पादत्राण घालत नाहीत, मला माहीत आहे, म्हणून घरापुरता वेगळा स्वच्छ बूट ठेवा, देवघराच्या उंबऱ्यापाशी काढा. चप्पल-स्लीपरमध्ये पावलाची बोटं पट्टा धरून ठेवायला झटतात आणि तळवा आणखी आखडतो. नाडीचा, कडक तळाचा स्पोर्ट्स शूज घ्या. खरेदी संध्याकाळी, सूज असताना. आत जागा हवी असेल तर आतला पातळ तळ काढून टाका.

मांडी घालायला आता हरकत नाही, पण बाहेरची कड जमिनीवर दाबली जाते तेव्हा खाली उशी घ्या. उकिडवं बसायला घोटा बराच वाकावा लागतो, तो आज वाकणार नाही. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर वर ठेवायची खुर्ची मिळते, सहा-आठ आठवड्यांसाठी आणा. वज्रासन सगळ्यात शेवटी. घोटा किती मोकळा झाला हे बघायला भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून किती बोटं मागे राहतो ते मोजा. डावीकडे पाच बोटं आणि उजवीकडे दोन, असं सध्या असेल. दर रविवारी मोजून वहीत टाका.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. डाळ, उसळ, दूध, अंडी, नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे भाकरी चांगलीच. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. डिंकाचे लाडू खा, छान लागतात, पण डिंकाने हाड चिकटतं असं काही नाही.

लगेच डॉक्टरांकडे कधी जायचं, हे मात्र नीट वाचा. एकाच पायाची पोटरी दुखतेय, कडक आणि गरम लागतेय, अचानक फुगलीय: रक्ताची गुठळी असू शकते, म्हणूनच तिथे मालिश नको म्हटलं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इस्पितळ, रात्र असली तरी. दुसरं, पाऊल भाजल्यासारखं जळतंय, चादरीचा स्पर्श सहन होत नाही, कातडी चकचकीत, पाय वर करूनही रंग आणि गारवा-गरमपणा बदललेलाच: मज्जातंतूंच्या बिघाडाचा एक त्रास असतो, तो लवकर पकडला तर आटोक्यात येतो, "सवय होईल" म्हणत बसलं तर महिनोन्‌महिने छळतो. तिसरं, मधुमेह आहे आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे पण दुखत नाही: न दुखणं ही इथे चांगली खूण नव्हे. चौथं, उंचवट्यावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं दिवसेंदिवस वाढतंय.

तुमचे बाकीचे प्रश्न. शाळेत साधारण दोन आठवड्यांनी जाता येईल, ठेका सुधारला तर. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणता, तर मुख्याध्यापकांना सांगून महिनाभर तळमजल्याचा वर्ग मागा. फळ्यासमोर खुर्ची ठेवा. सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये दोन बाकं जोडून आडव्या व्हा. लाज वाटेल, दोन दिवसांनी कुणी बघणारही नाही.

स्कूटीचे ब्रेक हातात असतात म्हणून लोक लवकर बसतात. पण खड्ड्यात गाडी उजवीकडे कलली तर तिचं वजन ज्या पावलावर येणार, ते तयार आहे का? शिवाय मधला स्टँड लावायला उजवाच पाय लागतो. एकट्या उजव्या पायावर तीस सेकंद न डगमगता उभं राहता आलं आणि त्या पायावर दहा वेळा टाच उचलता आली, की बसा, आधी मोकळ्या मैदानात. चारचाकी असेल तर आणखी थांबा, कारण तिथे ब्रेक उजव्याच पायाचा. पूर्ण भार टाकायला लागल्यापासून ब्रेक दाबण्याचा वेग पूर्वीसारखा व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. बंद गाडीत बसून ब्रेक जोरात दाबून बघा, मनात क्षणभर जरी चाचरलं तरी अजून वेळ आहे.

आणि लग्न. पाच आठवड्यांनी तुम्ही बिनकाठीच्या चालत असाल असा माझा अंदाज आहे, सूज संध्याकाळी थोडी असेलच. सहावारी नेसा, आत स्पोर्ट्स शूज घाला, काठाखाली कुणाला दिसत नाही. हळदीला पाटावर न बसता खुर्ची मागून घ्या. वरातीत नाचायचं मात्र या वेळी राहू द्या, जोन्ससाहेबांची आठवण ठेवून. रात्री घरी आल्यावर पाय उशांवर, आणि सकाळी उठून वहीत आकडा.